नकाशा निवडताना निजामशाही आठवावी

१/ 'सिव्हिलायझेशन ६' हा पाळीपाळीने खेळायचा डावपेचांचा खेळ. पहिल्या पाळीआधी नकाशाचा प्रकार, पर्जन्यमान, साधनसंपत्ती आणि आरंभस्थान आपणच ठरवतो. बहुतेक जण सवयीने एकच महाखंड, भरपूर साधने आणि 'समतोल' आरंभ घेतात. माझ्या मते खेळातला खरा इतिहास याच पानावर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीवरून ते तपासू.

२/ पर्जन्यमान. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि १४९४ मध्ये सीनेकाठी, भिंगारजवळ शहर वसवले. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. त्यामुळे कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून नळ काढून शहरात पाणी आणावे लागले. खेळात पर्जन्यमान 'कोरडे' ठेवले, की जलवाहिनीचे मोल लवकरच उमगते.

३/ भूरचना. नगरचा किल्ला भुईकोट. डोंगराचा आधार नाही. भरवसा तटावर आणि खंदकावर. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या वेढ्यात चांदबिबीने तो राखला, तरी तहात वऱ्हाड द्यावे लागले. १६०० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला. सपाट नकाशावर राजधानी राखणे किती महाग पडते, ते यावरून दिसते.

४/ साधनसंपत्ती. लढाऊ अरबी घोडे समुद्रमार्गे येत आणि समुद्र घाटाखाली. निजामशाहीचे बंदर चौल. पण तिथेच पोर्तुगीजांचे ठाणे. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याला वेढा घातला, तरी ते हाती आले नाही. साधने 'विरळ' ठेवली, तरच घोड्यांसाठी अशी धडपड करावी लागते.

५/ भातवडी, १६२४. समोर मोगल आणि आदिलशाही यांचे संयुक्त सैन्य. मलिक अंबरने तलाव फोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवली. शहाजीराजे आणि शरीफजी अंबरच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच कामी आले. 'गॅदरिंग स्टॉर्म' या विस्तारात गुप्तहेर शत्रूचे धरण फोडतो. अंबरने आपल्याच मुलखातले पाणी शस्त्र म्हणून वापरले. सैन्य कमी असलेल्याला भूमीच साथ देते, ती अशी.

६/ कोणी म्हणेल, समतोल नकाशाच न्याय्य. चार मित्र चुरशीने खेळत असतील, तर मान्य. परंतु समतोल नकाशावर प्रत्येक पराभव खेळाडूच्या माथी बसतो, आणि हाच न्याय आपण नकळत इतिहासाला लावतो: 'राज्यकर्ते नादान, म्हणून राज्य बुडाले.' दरबारातली दुही खरीच होती. पण १६३०-३२ चा भीषण दुष्काळ आणि उत्तरेच्या सुपीक मैदानांचा महसूल पाठीशी असलेला मोगल शत्रू, हेही तितकेच खरे. १६३३ मध्ये दौलताबाद पडले. १६३६ मध्ये शहाजीराजांचा शेवटचा प्रयत्नही संपला. अशा आरंभस्थानावरून सुमारे दीडशे वर्षे टिकणे ही लहान गोष्ट नव्हे.

७/ म्हणून एकट्याने खेळताना एकदा तरी असे मांडून पाहा: पर्जन्यमान कोरडे, साधने विरळ, आरंभ समतोल नको, शेजारी बलाढ्य. जिंकण्याऐवजी टिकून राहणे हेच ध्येय ठेवा. आणि तुमच्या तालुक्याचा नकाशा मांडायचा, तर कोणत्या सेटिंग घ्याल, ते खाली जरूर लिहा.