जुन्या मोटारीचा रंग

सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या, पुढे पद्मिनी या नावाने ओळखल्या गेलेल्या फियाटचे आपल्या जिल्ह्याशी असे माहेरचे नाते असल्यामुळे, तिच्या रंगाविषयी मंगळवेढ्यातून दोन शब्द लिहिणे आगंतुकपणाचे ठरू नये.

अशा मोटारीचा जीर्णोद्धार करविताना हौशी मालक हल्ली जो चमचमता तांबडा रंग पसंत करतात, तो मला, स्पष्टच सांगतो, प्रौढ गृहिणीला नाटकातला शालू नेसवल्यासारखा वाटतो. रंग दुकानातल्या कार्डावरून न निवडता मोटारीलाच विचारावा: दाराचे रबर उचकटून, त्याखालची बोटभर पट्टी पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासली, की थराखाली थर उलगडू लागतो. आमच्या गाडीत पांढऱ्याखाली हिरवा आणि त्याहीखाली, राखी प्रायमरला बिलगून बसलेला, दुधावरच्या सायीसारखा रंग निघाला. तोच आम्ही कायम केला. मालदांडीच्या काळ्या रानातली धूळ त्यावर फारशी उठून दिसत नाही. काळ्या गाडीवर मात्र ती भस्मासारखी दिसते, आणि वैशाखात तो पत्रा तव्यासारखा तापतो तो वेगळाच! शिवाय रंग सरकारदप्तरी नोंदलेला असतो. तो बदलल्यास परिवहन कार्यालयात रीतसर अर्ज गुजरावा लागतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा अपवाद मला मान्य आहे. तिचा रंग परवान्याचा होता, मालकाच्या लहरीचा नव्हे.