विश्लेषण : मांस कंपनीचा शेअर ‘स्वस्त’ कधी म्हणायचा?

फेब्रुवारी २०२२ मध्ये टायसन फूड्स या बड्या अमेरिकी मांस कंपनीचा शेअर १०० डॉलरपर्यंत गेला. त्या आर्थिक वर्षात (ते सप्टेंबरअखेर संपते) तिची समायोजित, म्हणजे एकवेळचे खर्च वगळून काढलेली, प्रतिशेअर मिळकत ८.७३ डॉलर होती. पी/ई गुणोत्तर साडेअकरा. स्वस्तच म्हणायचा! नोव्हेंबर २०२३ मध्ये शेअर ४७ डॉलरच्या आसपास आला, पण मिळकत १.३४ डॉलरवर आपटली होती. पी/ई ३५, म्हणजे ‘महाग’. स्वस्त समजून घेणाऱ्यांचे निम्म्याहून अधिक पैसे बुडाले. मोबाइल अ‍ॅपवर अमेरिकी शेअर घेणाऱ्या आपल्याकडच्या गुंतवणूकदारांनी हे ध्यानात घ्यायला हवे. तेजी-मंदीच्या फेऱ्यात चालणाऱ्या धंद्यात पी/ई शिखरावर सर्वात कमी आणि तळाशी सर्वात जास्त दिसतो.

मांस महागले तर कंपनीचा फायदा नाही का?

इथेच फसगत होते. अमेरिकेत बीफचे दर विक्रमी आहेत, तरी टायसनच्या बीफ विभागाला २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांत तोटा झाला. कारण कंपनी गुरे पाळत नाही, विकत घेते आणि ती त्याहून महागली आहेत. दुष्काळात चारा परवडेना म्हणून पशुपालकांनी गायीसुद्धा विकल्या. जानेवारी २०२५ मध्ये देशातील गुरांची संख्या ८.६७ कोटी होती, १९५१ नंतरची सर्वात कमी. कळप वाढवायचा तर कालवडी विकायच्या नाहीत, राखायच्या. म्हणजे सुधारणा सुरू होताच टंचाई आधी वाढते आणि वाढीव जनावरे बाजारात यायला दोन-तीन वर्षे लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये टायसनने नेब्रास्कातील लेक्सिंग्टनचा बीफ कारखाना बंद करण्याची घोषणा केली. तिथे सुमारे ३,२०० कामगार होते.

कोंबडीचे चक्र फार लहान. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांत तयार होतो आणि मका-सोयापेंड उतरली की नफा लगेच सुधारतो. सध्या टायसनला हाच विभाग तारतो आहे. पुण्याच्या वेंकीजच्या शेअरवर नजर ठेवणाऱ्यांना हे गणित नवे नाही. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी भडकली, की केंद्राला १२ लाख टन जीएम पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली होती.

मग योग्य किंमत कशी काढायची?

एका वर्षाची मिळकत सोडा, चक्राची सरासरी घ्या. २०२१ ते २०२५ या वर्षांची समायोजित मिळकत ८.२८, ८.७३, १.३४, ३.१० आणि ४.१२ डॉलर, सरासरी ५.११. पण पहिली दोन वर्षे करोनाकाळाने बिघडवलेल्या बाजाराची. गुरे मुबलक, कारखान्यांची क्षमता अपुरी, मांस महाग. मधला सारा फरक कंपन्यांच्या खिशात. तशी वर्षे पुन्हा येतील हे धरणे मला धाडसाचे वाटते. मी ४ ते ४.५ डॉलर धरेन. नफा असा हेलकावणाऱ्या, शिवाय कर्ज असलेल्या कंपनीला १२-१३ पट पुरे. म्हणजे ४८ ते ५८ डॉलर. यापेक्षा खूप वर गेलेल्या शेअरमध्ये सुधारणेची किंमत आधीच भरलेली असते.

पुस्तकी मूल्याचा आधार घेणाऱ्यांनीही जपावे. टायसनच्या भागधारकांच्या निधीपैकी निम्म्याहून अधिक रकमेइतके गुडविल ताळेबंदात आहे. हिलशायर, अ‍ॅडव्हान्सपिअर अशा खरेदींत मोजलेली जादा किंमत ती. त्यातला काही भाग निर्लेखित करावा लागला, म्हणून २०२३ मध्ये निव्वळ तोटा ६४.८ कोटी डॉलरवर गेला.

अमेरिकी कृषी खाते दर जानेवारीअखेर गुरांची संख्या जाहीर करते. त्यात राखलेल्या कालवडींचा आकडा असतो. तो ठळकपणे वाढला, तर बीफमधला तोटा लवकर हटणार नाही असे धरून मी वरच्या हिशेबात ४ डॉलरच घेईन.