डुलकीचा धनी कोण?

नागपूरकर बंधू-भगिनींनो,

श्रीनगर–कन्याकुमारी आणि सुरत–कोलकाता हे दोन राष्ट्रीय महामार्ग आपल्या नागपुरात एकमेकांना छेदतात. उमरेडचा कोळसा, कोराडीची राख, कळमन्याचे धान्य, बुटीबोरीचा माल, सारे ट्रकवरून जाते. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी छापून येते : 'चालकाला डुलकी लागल्याचा अंदाज.' ड्रायव्हर आत, फाइल बंद!

आमचे म्हणणे असे : डुलकी रस्त्यावर लागते, पण तिची सोय गोदामातच, भाडे ठरताना होते.

हिशेब करून पाहा. वाडी ते मुंबई सुमारे 800 किलोमीटर. भरल्या ट्रकला ताशी 50 ची सरासरी धरली तर 16 तास. मोटार वाहतूक कामगार कायद्याने 1961 सालीच ड्रायव्हरसाठी दिवसाचे 8 तास ठरवून दिले. म्हणजे गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत, नाहीतर वाटेत मुक्काम हवा. व्यापारी म्हणतो, 'माल उद्या सकाळी पाहिजे.' गाडीमालक दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार वाचवतो. पहाटे चारला अमरावती रोडच्या ढाब्यावर जाऊन पाहा. लाल डोळ्यांवर पाणी मारून, तंबाखू चोळून ड्रायव्हर पुन्हा केबिनमध्ये चढताना दिसेल. ताशी 80 च्या वेगात ट्रक सेकंदाला 22 मीटर जातो. तीन सेकंद डोळा लागला, तर 66 मीटर ट्रक बिनड्रायव्हरचा!

ओव्हरलोड. जादा टनाने ब्रेक तापतात, घासलेले टायर फुटतात, वळणावर गाडी कलंडते. कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. मग दंडाची पावती फाडून तीच गाडी तशीच पुढे कशी जाते?

उभे ट्रक. बिघाड झाला की मागे चार दगड अन् झाडाची एक फांदी, एवढाच इशारा. टेललाइट चिखलाने माखलेला, रिफ्लेक्टरची पट्टी उडालेली. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो. दगड तिथेच राहतात आणि रात्री एखाद्या दुचाकीस्वाराला पाडतात. 14 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची मिनीबस ट्रकवर मागून आदळली. 12 जण गेले. तो ट्रक तपासणीसाठी रस्त्यातच थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्याच दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. तिथे डुलकी कोणाची म्हणायची?

आमच्या मागण्या :

1. प्रत्येक जीवघेण्या ट्रक अपघातात ड्रायव्हरचे मागील 24 तासांचे काम आणि मालाचे वजन पंचनाम्यात लिहा. दोषी असेल तर गाडीमालक आणि माल पाठवणारा, दोघांवरही गुन्हा नोंदवा.
2. लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर सक्तीचे करा.
3. नागपुरातून निघणाऱ्या प्रत्येक महामार्गावर ट्रक तळ बांधा : झोपायला खाट, अंघोळीला पाणी, रात्रभर पहारा.
4. टेललाइट आणि रिफ्लेक्टर नसलेला ट्रक नाक्याबाहेर सोडू नका.
5. तपासणी रस्त्यावर नको, बाजूच्या तळावर करा.

व्यापारी बंधूंनो, उद्या फोनवर 'गाडी लवकर पाठवा' म्हणण्याआधी एवढेच विचारा : गाडीवर ड्रायव्हर किती? उत्तर 'एक' आले, तर माल एक दिवस उशिरा येऊ द्या.

पत्रक वाचा आणि पुढच्याच्या हाती द्या.

आपले,
काही नागपूरकर