कॉन्फरन्समध्ये 'वर्कशॉप' का नाही?

फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब आठवतोय? अंगात एप्रन, व्हाइसमध्ये अडकवलेली लोखंडी प्लेट, हातात फाईल, आणि "अजून घासा, काटकोन आलेला नाही!" म्हणणारे वर्कशॉपचे सर. हाताला फोड आले, मनातल्या मनात बरंच काही बोलून झालं, पण गुण्या लावून फटीतून उजेड दिसतोय का ते बघायला आपण तिथेच शिकलो. त्याऐवजी फाईल कशी धरावी यावर कोणी चाळीस स्लाइड्स दाखवल्या असत्या तर? छान झोप लागली असती, दुसरं काय!

हे सगळं आठवलं ते आपल्या एमबीए विभागाच्या मॅनेजमेंट कॉन्फरन्समुळे. यंदा मी तिथे व्हॉलंटियर होते. काम काय, तर साडी सावरत माइक घेऊन धावायचं. एका सेशनला अकरा पेपर, प्रत्येकाला आठ मिनिटं. लीडरशिप, मोटिव्हेशन, टीमवर्क, सगळं पडद्यावरून वाचून दाखवायचं. श्रोत्यांना गुंतवून कसं ठेवावं यावरचा पेपर चालू असताना मागच्या तीन रांगा मोबाईलमध्ये गुंतल्या होत्या! टाळ्या, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, नॅकच्या फाईलला एक कागद. संपली कॉन्फरन्स.

त्यातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. माझी रूममेट (नाव छापायचं नाही, असा तिचा दम आहे) हॉस्टेलच्या मेस कमिटीवर आहे. कोणत्या वारी किती ताटं लागतात आणि किती भात फेकला जातो, हे ती दोन महिने वहीत लिहीत होती. सामानाचा साठा किती ठेवावा यावरचा एक पेपर ऐकून तिने हात वर केला. तिचा प्रश्न साधा होता. तुमच्या सूत्रात मागणी आधीच माहीत आहे, पण शनिवारी किती मुली घरी जाणार हे संध्याकाळपर्यंत कोणालाच माहीत नसतं, मग भात किती लावायचा?

माइक माझ्या हातात होता. अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलं होतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "इंग्लिशमध्ये विचारशील ना? पटकन?" तिने हात खाली घेतला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. इंग्रजीत प्रश्न विचारणं मला पाणी पिण्याइतकं सोपं वाटतं, पण विचारण्यासारखा प्रश्न माझ्याकडे नव्हता. तो तिच्याकडे होता. आणि नंतर कळलं की ऑपरेशन्स रिसर्चमध्ये तिच्या प्रश्नाला चक्क नाव आहे, 'न्यूजव्हेंडर प्रॉब्लेम'. पेपरवाल्याने सकाळी किती अंक घ्यायचे? कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त घेतले तर रद्दी होते. तोच आपला मेसमधला भात!

आता कोणी म्हणेल, कॉन्फरन्स अशीच असते. तर तसं नाही. मॅनेजमेंटच्या प्राध्यापकांची जगातली मोठी संस्था म्हणजे अमेरिकेत १९३६ साली सुरू झालेली 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट'. तिच्या वार्षिक अधिवेशनाला जगभरातून हजारो लोक जमतात. २०२५ मध्ये ते कोपनहेगनला झालं. पेपर तिथेही असतात, पण 'प्रोफेशनल डेव्हलपमेंट वर्कशॉप'साठी वेगळा कार्यक्रम असतो आणि अधिवेशनाचे सुरुवातीचे दिवस त्यालाच दिलेले असतात. आपल्याला वर्कशॉप घ्यायचं असेल तर महिनोन्‌महिने आधी प्रस्ताव पाठवायचा, तो तपासला जातो, मगच जागा मिळते. म्हणजे वर्कशॉप ही जेवणानंतरची करमणूक नाही, पेपरसारखंच गंभीर काम आहे.

यामागे जुना अनुभव आहे. १९४६ साली अमेरिकेत कनेटिकटमध्ये कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने एक कार्यशाळा घेतली. दिवसभराच्या गटांत काय घडलं, यावर संशोधक रात्री आपसांत बोलायचे. काही सहभागी म्हणाले, आम्हीही बसतो. बसले, आणि "छे, तसं नव्हतंच ते!" म्हणून वाद घालू लागले. सगळ्यात जास्त शिकणं त्या वादातूनच होतंय, हे तिथे लक्षात आलं. आकडेच हवे असतील तर २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात शंभरात सुमारे ३४ नापास, मुलांना हातपाय हलवायला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२.

म्हणून माझी मागणी अशी. पुढच्या कॉन्फरन्सचा पहिला अर्धा दिवस वर्कशॉपसाठी ठेवा. तीन पुरेत, प्रत्येकी ९० मिनिटं, तीस माणसं. प्रस्ताव कोणीही द्यावा, सरांनी, मॅडमनी, विद्यार्थ्यांनी, अगदी मेसच्या मॅनेजरनीसुद्धा. प्रस्तावात तीन गोष्टी हव्यात: हे कोणासाठी, माणूस बाहेर पडताना काय घेऊन जाईल, आणि कोणत्या मिनिटाला कोण काय करेल. तिसरी गोष्ट लिहिता आली नाही, तर ते वर्कशॉप नाही, भाषणच आहे!

पहिला प्रस्ताव आमचाच, 'शनिवारी भात किती लावायचा?' १० मिनिटं मेसची वही सगळ्यांसमोर. १५ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने आपला आकडा काढायचा. ३५ मिनिटं पाच-पाच जणांच्या गटात एकच आकडा ठरवायचा. २० मिनिटं गटागटांत भांडण. शेवटची १० मिनिटं सोमवारपासून मेसमध्ये काय बदलायचं ते लिहून काढायचं. भाषा ज्याची जी असेल ती.

काही सर म्हणतील, याने प्रोसिडिंग्जमध्ये काय छापणार? पेपरला पॉइंट मिळतात, गप्पांना नाही. खरं आहे. म्हणूनच पेपर बंद करा असं मी म्हणत नाहीये, दुपारी खुशाल वाचा. आणि वर्कशॉपच्या नुसत्या गप्पा होऊ नयेत, यासाठीच तर मिनिटांचा हिशोब आधी मागायचा!

आमचा प्रस्ताव तयार आहे. मसुदा रूममेटने मराठीत लिहिलाय, इंग्रजी मी केलंय. या वेळी माइक तिच्या हातात असेल. मी फळ्यावर आकडे लिहीन.