बेरीज केली, पण बायकांचे काय?

मैत्रिणींनो, आकड्यांचा विषय निघाला की आपण तो डॉक्टरांवर सोडून देतो. पण हे आकडे आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांचे आहेत.

धाराशिवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. बायका १,३१,७४६, वय ३० ते ५९. गावांचे ५२ गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एकात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागातल्या ३१,४८८ जणींना फक्त माहिती.

२००९ मध्ये निष्कर्ष आले. या कॅन्सरने एचपीव्ही गटात ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. ॲसिडच्या तपासणीने मृत्यू १४ टक्के कमी दिसले, पण हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. उलट तामिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये (२००७) त्याच तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, मुंबईच्या वस्त्यांत (२०१४) ३१ टक्क्यांनी.

मग खरे काय? दोन विरुद्ध एक, असे हात मोजून चालत नाही. ज्या अभ्यासाचा आकडा जास्त पक्का, त्याला जास्त वजन द्यायचे आणि मग बेरीज करायची. शिवाय एका गावातल्या हजार बायका म्हणजे हजार वेगळ्या साक्षी नव्हेत. त्यांचा रस्ता एक, आरोग्य केंद्र एक. ते वजनातून कमी करावे लागते. तिन्ही आकडे असे जोडले तर घट सुमारे ३० टक्के येते. म्हणजे धाराशिवचा आकडा बाकी दोघांच्या विरोधात नाही, फक्त जास्त डळमळीत आहे. 'आपल्याकडे ही तपासणी फसली' असे कुणी म्हणाले तर ते मानू नका.

पण या ३० टक्क्यांवरही विसंबू नका. दिंडिगुलमध्ये तपासणी एकदाच झाली, ती नर्सनी केली आणि उपचारही त्यांनीच केले. मुंबईत दहावी झालेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार वेळा दारी गेल्या. आपल्याकडे तपासणी एकदाच. तीन वेगळ्या गोष्टींची सरासरी कुठल्याच बाईची नसते. कोणी तपासले, किती वेळा, उपचार कुठे मिळाले, हे विचारल्याशिवाय एकही आकडा स्वीकारू नये, असे आमचे मत आहे.

आणि एक गोष्ट तिन्हीकडे सारखी आहे. तुलनेसाठी ठेवलेल्या १,३८,६२४ बायकांची अभ्यासाने तपासणी केली नाही. अमेरिकन डॉक्टर एरिक सुबा यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. संशोधकांचे उत्तर असे, की भारतात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती. हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. सोय नाही हा सरकारचा दोष. त्याची किंमत बाईने का मोजावी? कितीही नेमकी बेरीज केली तरी हा प्रश्न तिच्यात मिटत नाही.

२०१६ च्या सरकारी सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३० ते ४९ वयातल्या शंभरात जेमतेम दोघींची कधीतरी तपासणी झालेली आढळली. ज्यांच्या शरीरांवरून जगाला हे ज्ञान मिळाले, त्यांच्या गावात ते परत आले का? पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न आपण विचारू या, आणि उत्तर लेखी मागू या.