दोन नळ्या, पण नाक कुठे?

परवा मेसवरून येताना टीमच्या ज्युनिअर पोरांनी मला जिन्यातच गाठलं. "दादा, या वर्षी गाडीला ड्युअल एक्झॉस्ट लावू या. मागून काय लुक येईल!" सोबत चित्रही काढून आणलं होतं. चित्र खरंच झकास होतं. मी विचारलं, ऑक्सिजन सेन्सर कुठे बसवणार? तर म्हणे, "तो काय, जागा मिळेल तिथे."

या "जागा मिळेल तिथे"साठीच हा लेख. कारण गेल्या वर्षी मीही तेच केलं होतं.

फ्रेमचा पाइप आडवा येत होता आणि सेन्सरची वायर आखूड पडत होती. म्हणून सेन्सरचा १८ मिलिमीटरचा नट मी सायलेन्सरच्या टोकापासून वीतभर आत वेल्ड केला. इंजिन आयडलिंगला असताना मीटर १६-१७ दाखवायचा, म्हणजे लीन, हवा जास्त नि पेट्रोल कमी. मी लॅपटॉपवर पेट्रोल वाढवलं. तरी लीन! अजून वाढवलं. तरी लीनच. झालं होतं असं, की एका सिलिंडरच्या इंजिनाचा धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीतला दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि बाहेरची हवा टोकातून आत ओढली जाते. सेन्सर बिचारा फक्त ऑक्सिजन ओळखतो. तो इंजिनातून आला की बाहेरून, हे त्याला कसं कळणार? त्यात पेट्रोल फार झालं की ठिणगी हुकते, न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि मीटर पुन्हा लीन म्हणतो. स्पर्धेच्या सकाळी प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. गाडी सुरूच झाली नाही. सगळ्या टीमचं वर्ष माझ्या एका नटाने घालवलं. कुणी तोंडावर बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

सेन्सरच्या आधी नळीच्या जोडावर गळती असली तरी हेच होतं. गळतीतून धूर बाहेर जातो एवढंच आपल्याला दिसतं. हवा आतही येते, ती दिसत नाही.

मग जागा कोणती? टोकापासून लांब, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, पण एक्झॉस्ट पोर्टला अगदी चिकटूनही नाही, नाहीतर सेन्सर भाजून निघतो. वाइडबँड सेन्सरसाठी पोर्टपासून साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर ठीक. आणि नट नळीच्या वरच्या बाजूला, घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये. खाली बसवला तर थंड नळीत साठलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जातं आणि ते तडकतं. हा सेन्सर बॉशने १९७६ मध्ये आणला. आपण रोज ज्या मायको सर्कलवरून जातो, त्याला नाव देणारी 'मायको' म्हणजे याच बॉशची इथली कंपनी. तरी आपल्यातल्या किती जणांनी सेन्सर हातात घेऊन बघितलाय?

आता ड्युअलचं बघू. दोन सिलिंडर आणि दोघांची वेगळी नळी असेल, तर एका नळीतला सेन्सर एकाच सिलिंडरची बातमी देतो. नळ्या एकत्र आल्यावर सेन्सर लावला तर मिळते सरासरी. म्हणजे एक सिलिंडर रिच, दुसरा लीन आणि मीटरवर सगळं छान! लीन सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळेपर्यंत काही कळत नाही. तिथे दोन नळ्या म्हणजे दोन सेन्सर, यात घासाघीस नाही.

"पण दादा, जावाला एकच सिलिंडर आणि दोन सायलेन्सर आहेत की!" आहेत ना. जुन्या जावा-येझदीलाही होते. पण २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर २९३ सीसीच्या नव्या जावाचे दोन सायलेन्सर टिकवायला कंपनीला पोर्टची रचना बदलावी लागली आणि लॅम्डा सेन्सरही दोन द्यावे लागले. म्हणजे शोभा फुकट मिळाली नाही.

आपल्या गाडीत इंजिन केटीएम ३९०चं, सिलिंडर एक, पोर्टही एक. नळी पुढे वाय आकारात फोडायची. ३८ मिलिमीटरच्या नळीइतकंच क्षेत्रफळ हवं तर दोन नळ्या २७-२७च्या घ्याव्या लागतील. पत्रा चाळीस टक्के जास्त, वजन त्या हिशेबाने. आणि ३८च्याच दोन लावल्या तर धुराचा वेग निम्मा होऊन खालच्या आरपीएमला बाहेरची हवा आणखी आरामात आत येणार. माझं मत स्पष्ट आहे : एकच नळी ठेवा. हट्टच असेल तर सेन्सर वायच्या आधी, मग पुढे हवी तेवढी शोभा करा.

अजून एक. पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं. मीटरवरचा १४.७ हा साध्या पेट्रोलचा आकडा, ई-२०चा साधारण १३.५. सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो, मीटर त्याला १४.७ने गुणून दाखवतो. म्हणून ट्यूनिंग लॅम्डावरच करा. पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.९च्या आसपास ठेवलंत की झालं. जुन्या वहीतले आकडे उतरवू नका. (वही माझीच आहे, म्हणून सांगतोय.)

कॉलेज रोडवर फिरवायला बुलेटला इंदोरी सायलेन्सर लावणाऱ्या होस्टेलच्या मित्रांनाही हेच लागू. बीएस-६ गाडीत सेन्सर काढून वायर टेपने गुंडाळलीत तर ईसीयू आंधळेपणाने पेट्रोल सोडतो. पोलीस दंड करतील तो वेगळा, आणि रात्री अकराला सबमिशन लिहिणाऱ्यांचे शाप त्याहून वेगळे.

पोरांचं चित्र मी ठेवून घेतलंय. लाल पेनने त्यावर एक गोल काढलाय, पोर्टपासून ५० सेंटिमीटरवर, नळीच्या वरच्या अंगाला. शनिवारी वर्कशॉप उघडं ठेवायला सरांनी हो म्हटलंय. येताना फूटपट्टी आणा.