इंजिनाचा बदललेला आवाज आणि त्यामागची न सांगितलेली माहिती

मोटारगाडीचा वेग आणि ताकद वाढविण्यासाठी मूळ भाग काढून त्याजागी वेगळे भाग बसविण्याची हौस आता मोजक्या शर्यतपटूंपुरती मर्यादित राहिलेली नाही. मोकळा एअर फिल्टर, रुंद नळीचा सायलेन्सर, इंजिनाच्या संगणकातील आज्ञावलीत केलेला बदल आणि काही ठिकाणी टर्बोचा वाढविलेला दाब, असे बदल मुंबई, पुणे, कोल्हापूरप्रमाणेच राजस्थानची राजधानी जयपूरमध्येही केले जातात. या बदलांनंतर इंजिनातून अनोळखी आवाज येऊ लागल्याची तक्रार वाहनधारक वारंवार करतात. वरकरणी हा विषय गॅरेजपुरता वाटतो. प्रत्यक्षात मात्र तो इंधनाचा दर्जा, हवामान, कायदा आणि रस्त्यावरील सुरक्षितता या चारही बाबींशी निगडित आहे.

अशा आवाजाचा विचार करताना एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. नवा ऐकू येणारा प्रत्येक आवाज नव्याने निर्माण झालेला असतोच असे नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीत एअर फिल्टरची पेटी, इंजिनावरील आच्छादन आणि मूळ सायलेन्सर हे भाग आवाज दाबण्याचेही काम करतात. ते काढल्यानंतर इंजेक्टरची बारीक टिकटिक किंवा व्हॉल्व्हची हालचाल प्रथमच कानावर पडते. हा आवाज पूर्वीही होताच, केवळ त्यावरील आवरण दूर झालेले असते. खरा धोका याच समजुतीत आहे. सवयीने सर्वच आवाज निरुपद्रवी मानले गेले, तर त्यांत मिसळलेला बिघाडाचा आवाज ओळखता येत नाही.

जाणकार मेकॅनिक आवाजाच्या वर्णनापेक्षा तो केव्हा येतो याला अधिक महत्त्व देतात. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे वाढविल्यावर आवाज वाढत असेल, तर कारण इंजिनात किंवा त्याला जोडलेल्या भागांत शोधावे लागते. तो केवळ गाडीच्या वेगानुसार बदलत असेल, तर चाकांचे बेअरिंग, टायर किंवा अ‍ॅक्सल यांची तपासणी आधी करावी लागते. सकाळी थंड इंजिनावर टिकटिक ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर ती नाहीशी होते, तेव्हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडातून वायू निसटत असण्याची शक्यता असते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि फट बुजते. नवा सायलेन्सर बसविताना पॅकिंग नीट बसले नाही किंवा बोल्ट असमान आवळले गेले, तर हा दोष हमखास उद्भवतो. टॅपेटचा आवाज याहून वेगळा असतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरत असल्यामुळे तो इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या लयीत येतो. टर्बो असलेल्या गाडीत केवळ जोर लावताना सूं असा आवाज येऊन ताकद कमी पडत असेल, तर दाबाखालील हवेची एखादी नळी सैल झालेली असू शकते. खडखडाट अनेकदा सर्वांत साध्या कारणाने होतो. उष्णतारोधक पत्रा सुटलेला असतो किंवा नव्या सायलेन्सरची नळी गाडीच्या तळाला घासत असते.

दोन आवाजांच्या बाबतीत मात्र चालढकल परवडणारी नाही. पहिला आवाज खोल आणि जड ठकठकीचा असतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्यास तो येतो आणि जोर दिल्यावर अधिक स्पष्ट होतो. एकेका सिलिंडरची ठिणगी किंवा इंधन क्षणभर बंद करून पाहिल्यास, ज्या सिलिंडरच्या वेळी ठकठक मंदावते तेथे दोष असल्याचा अंदाज बांधता येतो. त्याआधी ऑइलची पातळी पाहणे आणि ऑइलचा दाब मोजणे आवश्यक ठरते. ऑइलचा दिवा लागलेला असताना असा आवाज आला, तर इंजिन तत्काळ बंद करून गाडी ओढून नेणे हाच योग्य मार्ग होय.

दुसरा आवाज चढावर किंवा जोराने वेग घेताना येणाऱ्या टणटणाटाचा असतो. गॅरेजच्या भाषेत त्याला नॉकिंग म्हणतात. ठिणगी पडल्यानंतर ज्वाला सिलिंडरमध्ये क्रमाने पसरणे अपेक्षित असते. दाब आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यास टोकाला उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच पेट घेते आणि दाबाची लहर भिंतींवर आदळते. आधुनिक इंजिनात बसविलेला नॉक सेन्सर हे कंपन टिपतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो. त्यामुळे इंजिन वाचते, परंतु ताकद घटते. ताकदीसाठी खर्च करून बसविलेले भाग अशा वेळी प्रत्यक्षात ताकद कमी करीत असतात. सेन्सरची क्षमताही अमर्याद नसते. अतिशय जोरकस आज्ञावलीपुढे ती अपुरी पडली, तर पिस्टनला तडा जाऊ शकतो.

जयपूरचा संदर्भ येथे महत्त्वाचा ठरतो. थरच्या वाळवंटाकडून येणारी धूळ आणि मे-जूनमध्ये ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचणारे तापमान या दोन्ही गोष्टी इंजिनाच्या विरोधात जाणाऱ्या आहेत. बॉनेटखाली उघडा बसविलेला फिल्टर बाहेरच्या थंड हवेऐवजी इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. आत जाणारी हवा जितकी उष्ण, तितकी नॉकिंगची शक्यता अधिक. म्हणूनच डिसेंबरमध्ये सुरळीत वाटलेली आज्ञावली मे महिन्यात टणटणाट करू लागते. हिवाळ्यात केलेली चाचणी उन्हाळ्याची ग्वाही देऊ शकत नाही. विदर्भातील वाहनधारकांनाही हे तितकेच लागू आहे.

इंधनाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. देशातील सर्वसाधारण पेट्रोलसाठी दीर्घकाळ ९१ ऑक्टेन ही किमान पातळी राहिली. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी १०० हे पेट्रोल बाजारात आणले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुण्यासोबत जयपूरचाही समावेश होता. अधिक ऑक्टेनचे इंधन स्वतःहून ताकद वाढवीत नाही. ते केवळ अधिक दाब आणि उष्णता सहन करते. निदानासाठी मात्र त्याचा उपयोग होतो. टाकी जवळपास रिकामी झाल्यावर असे पेट्रोल भरून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी चालविली आणि टणटणाट थांबला, तर कारण नॉकिंगच असल्याचे मानता येते. झिजलेल्या बेअरिंगची ठकठक पेट्रोल बदलून थांबत नाही.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल नॉकिंगला विरोध करते, ही त्याची जमेची बाजू आहे. परंतु त्याच्या ज्वलनाला पेट्रोलच्या तुलनेत कमी हवा लागते, म्हणजेच तितक्याच हवेसाठी अधिक इंधन सोडावे लागते. सामान्य वेगात ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे संगणक ही दुरुस्ती करतो. पूर्ण जोरात मात्र अनेक इंजिने ठरवून दिलेल्या तक्त्यावर अवलंबून असतात. परदेशी इंधन गृहीत धरून तयार केलेला तक्ता येथे जसाच्या तसा वापरल्यास मिश्रणात इंधन कमी पडण्याचा धोका संभवतो.

कायद्याची बाजू अधिक स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. मान्यताप्राप्त गॅस किट किंवा दिव्यांग चालकांसाठीची रचना असे काही अपवाद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोड रोलर फिरवल्याची दृश्ये सर्वांनी पाहिली आहेत.

या कठोरतेमागील हेतूबद्दल दुमत नाही. मात्र तिचा एक अनपेक्षित परिणाम निदानाच्या टप्प्यावर दिसतो. वॉरंटी जाईल, विम्याचा दावा नाकारला जाईल किंवा दंड होईल या भीतीने मालक अधिकृत सेवा केंद्रात जाण्यापूर्वी बदललेले भाग काढून ठेवतो किंवा त्यांचा उल्लेख टाळतो. आज्ञावलीतील बदल तर डोळ्यांना दिसतही नाही. रुग्णाने घेतलेले औषध वैद्यापासून लपवावे, तशी ही स्थिती आहे. मग तपासणी करणारा चुकीच्या दिशेने जातो, सुटे भाग अकारण बदलले जातात आणि मूळ दोष कायम राहतो. पुढे जयपूर-दिल्लीसारख्या महामार्गावर भरधाव गाडीचे इंजिन अचानक बंद पडले, तर मागून येणाऱ्या वाहनांतील प्रवाशांचाही जीव धोक्यात येतो.

जर्मनीत सुट्या भागाला मान्यतापत्र असणे किंवा तज्ज्ञ संस्थेकडून तपासणी करून बदलाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत होणे बंधनकारक आहे. भारतातही १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारखी चाचणी संस्था उपलब्ध आहे. ध्वनी आणि प्रदूषणाच्या मर्यादेत राहणाऱ्या मोजक्या भागांना तपासून मान्यता देण्याची व्यवस्था विस्तारली, तर लपवाछपवीचे कारण कमी होईल आणि गोंगाट करणाऱ्यांवर कारवाई करणेही सोपे जाईल.

तोपर्यंत वाहनधारकांच्या हाती काही साधे उपाय आहेत. एका वेळी एकच बदल करावा, काढलेला मूळ भाग जपून ठेवावा आणि प्रत्येक बदलाची तारीख व किलोमीटर लिहून ठेवावेत. आवाज आल्यास सर्वांत शेवटी बसविलेला भाग काढून मूळ भाग पुन्हा लावावा. आवाज थांबला, तर कारण सापडले. थांबला नाही, तर केलेल्या सर्व बदलांची यादी मेकॅनिकच्या हाती द्यावी, कारण त्या यादीशिवाय उत्तम स्टेथोस्कोपही अपुरा ठरतो.